लोखंडाच्या कणांना खळ

पहिली बॅच तपकिरी झाली. व्हायला हवी होती काळी, दौतीतल्या शाईसारखी. लिकर अमोनिया, म्हणजे अमोनियाचं पाण्यातलं द्रावण, ओतला, फ्लास्कमध्ये गाळ पडला, आणि तो गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचा निघाला. बाहेरून चुंबक लावला तर थोडा गाळ आळसावल्यासारखा काचेकडे सरकला, बाकीचा तळाशीच बसून राहिला. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा तो माझा पहिला आठवडा होता.

मला मॅग्नेटाइटचे नॅनोकण, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे बारीक कण, बनवायचे होते, त्यांच्यावर सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याचा, पातळ थर चढवायचा होता, आणि ते कण पाण्यातला रंग ओढून घेतात का ते पाहायचं होतं. विषय मीच मागून घेतला. माझं घर इचलकरंजीचं. पंचगंगेच्या काठानं वाढलेल्या मुलीला रंगीत पाणी नवं नसतं. पाण्यात टाकलेली भुकटी रंग धरते, पण नंतर ती भुकटी पाण्यातून काढायची कशी, हा खरा प्रश्न. ती चुंबकाला येणारी असेल तर गाळायची गरजच उरत नाही. भांड्याच्या बाहेर चुंबक धरायचा आणि स्वच्छ पाणी ओतून घ्यायचं. ही कल्पना मला फार आवडली होती, अजूनही आवडते.

मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड. त्यात फेरस लोह एक भाग आणि फेरिक लोह दोन भाग असतं. ही लोहाचीच दोन रूपं, हवा लागली की फेरसचं फेरिक होतं. दोन्ही क्षार याच प्रमाणात पाण्यात विरघळवून अल्कली टाकली की काळा गाळ पडतो. याला सहअवक्षेपण म्हणतात. रेने मासार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९८१मध्ये या पद्धतीनं पाण्यातलं चुंबकीय द्रव बनवून दाखवलं, तेव्हापासून ती जगभरच्या लहानमोठ्या प्रयोगशाळांत चालते, कारण तिला महागडं काही लागत नाही. वाचताना वाटतं, एका दुपारचं काम आहे. आणि गाळ पाडण्यापुरतं ते तसं आहेही.

माझं चुकलं फेरसमध्ये. आमच्या स्टोअरमध्ये फेरस सल्फेटची, म्हणजे हिराकसाची, बाटली होती. त्याचे खडे निळसर हिरवे असायला हवेत. त्या बाटलीतले वरून पिवळट, बुरसटलेले होते. मी ते तसेच तोलले. हवेनं त्यातलं बरंचसं फेरस आधीच फेरिक झालेलं होतं, त्यामुळे एकास दोन हे प्रमाण कागदावरच राहिलं. शिवाय साधं डिस्टिल्ड पाणी घेतलं होतं, त्यात विरलेल्या ऑक्सिजननं उरलेलं काम केलं.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, "यातलं किती फेरस शिल्लक आहे हे तुला माहीत नाही. मग एक पूर्णांक एकोणचाळीस ग्रॅम तोलून काय मिळवलंस?" मग त्यांनी मोहर सॉल्ट घ्यायला सांगितलं. बी.एस्सी.ला परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये आम्ही ते शेकडो वेळा वापरलेलं. फेरस अमोनियम सल्फेटचे फिकट हिरवे खडे, हवेत हिराकसापेक्षा पुष्कळ टिकतात. त्यातलं जादा अमोनियम आडवं येत नाही, कारण पुढे अमोनियाच घालायचा असतो. इतकी ओळखीची वस्तू इथे उपयोगी पडेल हे मला सुचलं नव्हतं.

नायट्रोजनचा सिलिंडर आमच्याकडे नव्हता. त्यावर पीएच.डी. करणाऱ्या ताईंनी उपाय सांगितला. पाणी अर्धा तास खळखळून उकळायचं, गरम असतानाच बाटली काठोकाठ भरून बूच लावायचं आणि तशीच थंड होऊ द्यायची. उकळताना विरलेली हवा निघून जाते, बुचामुळे परत शिरत नाही. पुढचे चार महिने रोज सकाळी आल्या आल्या माझं पहिलं काम पाणी उकळायला ठेवणं हेच होतं.

दुसऱ्या बॅचचं प्रमाण वहीत असं लिहिलं आहे: फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट २.७० ग्रॅम, मोहर सॉल्ट १.९६ ग्रॅम, उकळून गार केलेलं पाणी १०० मिलि, त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब. आम्ल यासाठी की नुसत्या पाण्यात फेरिक क्लोराइड आधीच विघटित होऊन गढूळ व्हायला लागतं. फेरिक क्लोराइडचे पिवळे-तपकिरी खडे हवेतलं पाणी ओढतात, तोलताना रेंगाळलं तर बटरपेपरला चिकटून बसतात. म्हणून ते शेवटी तोलायचं आणि पटकन बाटली बंद करायची. पूर्ण उतारा मिळाला तर यातून साधारण १.१६ ग्रॅम मॅग्नेटाइट निघतं. एवढ्याशा, चहाच्या चमच्यात मावणाऱ्या काळ्या भुकटीसाठी चार महिने.

द्रावण ७० अंशांपर्यंत तापवलं. आता ढवळायचं. सवयीनं मी चुंबकीय स्टररवर फ्लास्क ठेवला, आत टेफ्लॉनचा बार टाकला. अमोनिया ओतल्यावर क्षणात सगळं काळं झालं, आणि मला आनंद व्हायच्या आत बार अडखळायला लागला. काढून पाहिला तर त्याच्या दोन्ही टोकांना काळ्या काट्यांचे झुबके उगवलेले. जे बनवायचं ते चुंबकाला चिकटणारं, आणि ढवळायला मी चुंबकच आत सोडला होता. बारवरचे कण धुऊन निघेनात. ती बॅचही टाकून द्यावी लागली.

तिसऱ्या वेळी मामांनी माळ्यावरून जुना, वरून मोटर असलेला स्टरर काढून दिला. आमच्या विभागातले मामा तीस वर्षं त्याच प्रयोगशाळेत आहेत, कुठली वस्तू कुठल्या साली कुणी ठेवली हे त्यांना सांगता येतं. त्यांनी मोटरला तेल दिलं, काचेच्या दांड्याला टेफ्लॉनचं पातं बसवलं, तीन तोंडांच्या फ्लास्कच्या मधल्या तोंडात दांडा सरळ येतो का ते वाकून पाहिलं. मग मी फ्युम हूडमध्ये पंचवीस टक्के अमोनिया १५ मिलि एका दमात ओतला.

तो क्षण मला नीट आठवतो. पिवळसर द्रावणात आधी गर्द हिरवट ढग उठला, लगेच तपकिरी छटा, आणि मी श्वास सोडायच्या आत सगळं काळं. पीएच पेपर दहाच्या रंगावर. खाली उतरवून भांड्याला चुंबक लावला, आणि अख्खा काळा गाळ एका अंगानं उठून काचेला जाऊन भिडला. दुसरी बाजू मिनिटभरात पाण्यासारखी नितळ. ओल्या मांजरीच्या पाठीसारखी दिसणारी ती काळी लव मी बराच वेळ बघत उभी होते.

चुंबक कुठून आणला तेही सांगते, कारण कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. जुन्या स्पीकरचा गोल फेराइट चुंबक कमी पडतो. संगणक विभागाच्या भंगारात गेलेल्या हार्ड डिस्कमध्ये वाकड्या चपट्या पट्ट्या असतात, त्या निओडिमियमच्या. त्या फार ताकदवान असतात. बोट मध्ये आलं तर रक्त साकळतं. आणि त्या कधीही उघड्या द्रावणात बुडवायच्या नाहीत, कायम काचेच्या बाहेरून लावायच्या.

इथपर्यंत दोन आठवडे गेले होते. कण झाले होते. मला वाटलं, अर्धं काम संपलं.

मग धुणं आलं. गाळात क्षार अडकलेले असतात, ते काढायला पाणी घालायचं, हलवायचं, चुंबक लावायचा, वरचं पाणी ओतायचं. पहिल्या तीन धुण्यांत पाणी नितळ निघालं. चौथ्या वेळी ते तपकिरीच राहिलं. अर्धा तास चुंबक लावून ठेवला तरी बसेना. मी घाबरले, वाटलं कण विरघळले. ताईंना दाखवलं तर त्या उलट खूश झाल्या.

कारण असं. अल्कलीत कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि सारख्या भारामुळे कण एकमेकांना दूर लोटतात. पण पाण्यात भरपूर क्षार असतील तर ते या भाराभोवती गर्दी करून तो झाकून टाकतात, मग कण जवळ येतात, गुठळ्या होतात, गुठळ्या चुंबक पटकन ओढतो. क्षार धुऊन गेले की भार उघडा पडतो, कण सुटे होतात, आणि सुटा कण इतका बारीक असतो की चुंबकाची ओढ त्याला पाण्याच्या रेणूंच्या धक्काबुक्कीतून बाहेर काढू शकत नाही. आणखी धूत गेलं आणि पीएच सातच्या आसपास आला की मात्र मॅग्नेटाइटवरचा भार जवळजवळ शून्य होतो आणि ते पुन्हा गोळा होतात. म्हणजे चुंबकाला झटकन आले तर चांगले कण, ही माझी समजूत बरोबर उलटी होती. झटकन येतात त्या गुठळ्या.

ही गोष्ट समजायच्या आधी मी एक चूक करून बसले होते, ती या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी. धुतलेले कण मी ओव्हनमध्ये ८० अंशांवर रात्रभर वाळवले. आम्हाला शिकवलेलंच तसं, की उत्पादन वाळवा, तोला, उतारा काढा. सकाळी सुंदर काळी भुकटी मिळाली, तोलली, वहीत लिहिली, बाटलीत भरली. आठवड्यानं थर चढवायला म्हणून तिच्यातली थोडी अल्कोहोलमध्ये टाकली. पाच मिनिटांत सगळी खाली. ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या सोनिकेटरमध्ये तासभर ठेवली, बाहेर काढली, पुन्हा खाली. खलबत्त्यात कुटली, तरी तेच.

वाळताना दोन कणांमधलं पाणी आटत जातं तसे ते एकमेकांकडे खेचले जातात, आणि पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांना धरतात. दहा नॅनोमीटरचे कण मग वाळूच्या कणाएवढ्या ढेकळात कायमचे बसतात. त्या ढेकळावर सिलिका चढवली तर ढेकळालाच कवच मिळतं, आतल्या कणांना काही मिळत नाही. मी तरीही चढवून पाहिली. सिलिका ज्याच्यापासून होते ते टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, ज्याला सगळे टीईओएस म्हणतात, २ मिलि एकदम ओतलं. संध्याकाळी वरचं द्रावण दुधासारखं पांढरं आणि तळाशी काळा रवा. सिलिकानं काळ्या कणांकडे न जाता स्वतःचेच पांढरे गोळे करून घेतले होते. अल्कोहोल, पाणी आणि अमोनियात टीईओएसपासून सिलिकाचे एकसारखे गोळे बनवण्याची ही पद्धत श्टोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८मध्ये दिली. मी नकळत तीच करून बसले होते. त्यातच माझं निम्मं अल्कोहोल संपलं. अब्सोल्यूट अल्कोहोल कुलपात असतं, अबकारी खात्याच्या नियमानुसार त्याची नोंद ठेवावी लागते, मिलिमिलिचा हिशेब रजिस्टरमध्ये सही करून द्यावा लागतो. मॅडम रागावल्या नाहीत, पण त्या पानावर सही करताना माझा हात जड झाला होता.

त्या रविवारी मी घरी गेले. कोल्हापुराहून इचलकरंजी तासाभराची वाट. आण्णा, म्हणजे माझे वडील, सायझिंगमध्ये सव्वीस वर्षं आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: यंत्रमागावर उभं सूत, म्हणजे ताणा, चढवण्याआधी त्याला खळ देतात. मक्याचा स्टार्च, चिंचोक्याची पावडर, मऊपणासाठी थोडं चरबट काही, असं शिजवून त्यात शेकडो धागे एकत्र पट्ट्यासारखे बुडवून काढतात आणि वाफेच्या तापलेल्या ड्रमांवर वाळवतात. खळ नसेल तर मागावर धागे एकमेकांना घासून पिंजतात, तुटतात.

जेवताना आण्णांनी विचारलं, "तुझं काय अडलंय?" मी सांगायला लागले, आणि कण, थर, अल्कोहोल हे शब्द टाळत टाळत माझ्या तोंडून निघालं, "लोखंडाच्या बारीक कणांना खळ द्यायची आहे, पण ती कणांना बसत नाही, बाजूलाच घट्ट होते. आणि बसली तर सगळे एकत्र चिकटतात."

आण्णा थांबले. म्हणाले, "खळ घट झाली की सूत सुताला चिकटतंय. आमच्याकडं ड्रमवरनं वाळून आलं की लीज रॉड घालून एकेक सूत सुटं करतेत. खळ बेताची असंल तर सुटतंय, जादा झाली तर सुटायच्या ऐवजी तुटतंय. आणि सूत आधी भिजाय पायजे. कोरड्या सुतावर खळ वरच्यावर बसतीया, मागावर गेली की पावडर हून खाली पडतीया. थोडी आत मुरली पायजे, थोडी वर बसली पायजे."

त्यांना रसायनशास्त्र शिकायला मिळालं नाही. सातवीनंतर ते मागावर गेले. पण मी वाचलेल्या कुठल्याच शोधनिबंधानं मला हे इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. खळ पातळ ठेवायची, थोडी थोडी द्यायची, आणि सूत आधी भिजलेलं हवं. सोमवारी पहिल्या गाडीनं मी परत गेले.

सूत आधी भिजवणं म्हणजे माझ्याकडे सायट्रेट, लिंबातल्या सायट्रिक आम्लाचा क्षार. नवी बॅच केली, धुतली, आणि वाळवली नाही. ओल्या कणांवर ट्रायसोडियम सायट्रेटचं द्रावण घालून ८० अंशांना तासभर ढवळत ठेवलं. सायट्रेटच्या रेणूला तीन कार्बोक्सिलेट गट असतात. त्यातले एकदोन लोखंडाला धरतात, उरलेला बाहेर तोंड करून राहतो आणि कणाला ऋण भार देतो. मग सातच्या पीएचलाही कण एकमेकांपासून लांब राहतात. तासाभरानं भांड्यात गाळ नव्हताच, अखंड काळसर तपकिरी द्रव होता, काठावरून चहासारखा पारदर्शक. चुंबक लावला, काही हललं नाही. यावेळी मी घाबरले नाही.

जादा सायट्रेट काढायला थोडं ॲसिटोन घालावं लागतं. त्यानं कण तात्पुरते गोळा होतात, चुंबकाला येतात, वरचं ओतून टाकायचं. मग नवं पाणी घातलं की ते पुन्हा सुटे होतात. वाळलेली भुकटी तासभर सोनिकेटरला दाद देत नव्हती, हे कण हातानं हलवल्यावर पाण्यात विरले. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून मी फोटो काढून ठेवला आहे.

पुढचं प्रमाण: साधारण १०० मिलिग्रॅम कण असलेलं २० मिलि पाणी, ८० मिलि अल्कोहोल, २ मिलि अमोनिया. पंधरा मिनिटं सोनिकेटर. मग वरचा स्टरर चालू करून टीईओएस फक्त ०.४ मिलि, तेही १० मिलि अल्कोहोलमध्ये पातळ करून, ब्युरेटमधून थेंब थेंब, दीड तासात. एवढ्या टीईओएसमधून जास्तीत जास्त १०८ मिलिग्रॅम सिलिका होते, म्हणजे कणांच्या वजनाएवढीच. पाण्यानं टीईओएस फुटतं, अमोनिया त्याला घाई करतो, तयार झालेले सिलिकाचे तुकडे जवळ जे पृष्ठभाग सापडतील त्यांवर बसतात. थोडे थोडे आले तर कणांवर बसतात. एकदम फार आले तर आपसातच जुळून नवे गोळे होतात. ब्युरेटचा नळ किती उघडायचा याला मला तीन दिवस लागले.

ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी दुपारी दोनला वीज गेली. थेंब निम्मे पडले होते. ढवळणं थांबलं तर सगळं तळाशी बसून सिलिकानं एकत्र सांधलं गेलं असतं. मामा काही न बोलता आले, मोटरचा पट्टा सोडला आणि दांडा हातानं फिरवायला लागले. मी ब्युरेट सांभाळत होते. हात भरून आला की आम्ही जागा बदलायचो. पन्नास मिनिटांनी वीज आली तेव्हा मामांच्या कपाळावरचा घाम हूडच्या काचेत दिसत होता. "पोरी, पांढरं झालं का गं?" त्यांनी विचारलं. पांढरं झालं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ढवळत ठेवलं, मग चुंबकानं गोळा करून तीनदा अल्कोहोलनं आणि दोनदा पाण्यानं धुतलं. थर चढलेले कण चुंबकाला सायट्रेटच्या कणांपेक्षा लवकर आले. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

थर चढला हे कसं कळायचं? डोळ्यांना काळं ते काळंच दिसतं. आमच्याकडे एफटीआयआर यंत्र आहे, नमुना कुठला अवरक्त प्रकाश शोषतो ते दाखवणारं. पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर चिमूटभर नमुना दाबून चकती केली. नुसत्या मॅग्नेटाइटला ५८० तरंगसंख्येच्या आसपास लोखंड-ऑक्सिजन बंधाचा पट्टा येतो. थर दिलेल्या नमुन्यात तो होताच, शिवाय १०८५ ला रुंद, खोल दरी पडली होती, सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉनची. ताईंनी मला मिठी मारली. मॅडमनी विचारलं, "ही सिलिका कणांवर आहे की कणांशेजारी आहे, हे यावरून कळतं का?" नाही कळत.

म्हणून आम्लाची परीक्षा. दोन टेस्ट ट्यूब घेतल्या, एकीत उघडे कण, दुसरीत थराचे, दोन्हीत सारखंच पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल. लोखंडाचा ऑक्साइड आम्लात विरघळून पिवळा होतो, सिलिकाला हे आम्ल काही करत नाही. दुपारपर्यंत उघड्या कणांची ट्यूब पिवळी पडायला लागली, दुसऱ्या दिवशी तीत काळं काही उरलं नव्हतं. थराची ट्यूब काळीच. पण वरचं पाणी काढून त्यात अमोनियम थायोसायनेटचा थेंब टाकला तर ते फिकट लाल झालं. फेरिक लोहाला ही चाचणी फार बारकाईनं पकडते. म्हणजे थर होता, पण त्यात छिद्रं होती, आणि त्यांतून थोडं लोखंड झिरपत होतं. पुढच्या बॅचेसमध्ये मी टीईओएस एकदा देण्याऐवजी दोन हप्त्यांत दिलं, मध्ये चार तास जाऊ दिले, तेव्हा लाली पुष्कळ कमी झाली. पूर्ण कधीच गेली नाही.

एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची तपासणी, बाहेरून करून आणली. त्यासाठी मात्र चिमूटभर वाळवावं लागलं. ३०.१, ३५.५, ४३.१, ५७.० आणि ६२.६ अंशांना रेषा आल्या, मॅग्नेटाइटच्या जागी. ३५.५ ची रेषा सगळ्यात उंच आणि चांगलीच जाड. रेषा जितकी जाड तितका स्फटिक लहान. पॉल शेरर यांनी १९१८मध्ये दिलेल्या सूत्रात माझी ०.७५ अंशांची जाडी घातली तर ११ नॅनोमीटर आले. ते गणित मी चार वेळा केलं, दर वेळी तेवढंच आलं. प्रबंधात मी हेही लिहिलं की नुसत्या या रेषांवरून मॅग्नेटाइट की त्याचाच हवेनं बदललेला भाऊ मॅगहेमाइट, हे ठामपणे सांगता येत नाही, दोघांच्या रेषा जवळजवळ एकाच जागी येतात. परीक्षकांना ते वाक्य आवडेल की नाही माहीत नव्हतं, पण खरं तेच होतं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची एकच वेळ परवडली. चित्र आलं तेव्हा मी आधी खूप आनंदले आणि मग नीट पाहिलं. राखाडी सिलिकेच्या आत काळे ठिपके दिसत होते, ठिपके दहा-बारा नॅनोमीटरचे. पण एका कवचात एक कण असं क्वचितच. बहुतेक ठिकाणी पाच-सात कण एकत्र आणि त्यांच्याभोवती मिळून एक कवच. थराचे कण चुंबकाला लवकर का येत होते ते आता कळलं. पाण्यातून अल्कोहोलमध्ये जाताना ते थोडे जवळ आले होते आणि सिलिकानं त्यांना तसंच धरलं. प्रत्येक कणाला स्वतंत्र कवच मला जमलं नाही. मॅग्नेटोटॅक्टिक, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं पोहणारे, जिवाणू हेच काम पाण्याच्या तळच्या चिखलात, नेहमीच्या तापमानाला, प्रत्येक मॅग्नेटाइट स्फटिकाला आपल्या पटलाची वेगळी पिशवी देऊन करतात. १९७५मध्ये ब्लेकमोर यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं, ते मी त्याच आठवड्यात वाचलं आणि मनापासून हात जोडावेसे वाटले.

मात्र माझ्या कामासाठी पाच-सात कणांचा घोळका वाईट नव्हता, उलट पाण्यातून काढायला सोयीचा होता. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं पातळ द्रावण घेतलं, त्यात थराचे कण टाकून अर्धा तास हलवलं. या रंगाचा रेणू धनभारित असतो, सिलिकाचा पृष्ठभाग ऋणभारित, म्हणून तो तिथे बसतो. चुंबक लावून वरचं पाणी ओतलं. निळं गेलं नव्हतं, पण फिकं झालं होतं. ६६४ नॅनोमीटरचा प्रकाश पाणी किती शोषतं ते मोजलं, वाचन निम्म्याहून खाली आलं. उघड्या कणांनी त्याच पाण्यात जेमतेम फरक पाडला होता. नदीच्या पाण्यात एकच रंग नसतो, क्षार असतात, आणखी बरंच काही असतं, तिथे हे असंच चालेल असं मी म्हणणार नाही. पण बीकरच्या एका काचेवर काळा डाग आणि बाकी सगळीकडे फिकट आभाळी पाणी, हे मी स्वतः पाहिलं.

त्याच सुमारास वहिनींचं हिमोग्लोबिन फार खाली गेलं आणि सातव्या महिन्यात त्यांना दवाखान्यात लोहाचं इंजेक्शन सलाइनमधून दिलं. मी शेजारी बसले होते. नळीतून तपकिरी द्रव थेंब थेंब उतरत होता, माझ्या सायट्रेटच्या बाटलीसारखाच रंग. डब्यावर आयर्न सुक्रोज लिहिलं होतं. लोखंडाच्या हायड्रॉक्साइडचा गाभा आणि त्याभोवती साखर. उघडं लोखंड रक्तात सोडलं तर शरीराला सोसत नाही, साखरेच्या वेष्टणातून ते सावकाश सुटतं. नर्सबाई थेंबांचा वेग मोजत होत्या आणि मला माझी ब्युरेट आठवत होती. आण्णा दारात उभे होते. मी त्यांना हळूच म्हटलं, "आण्णा, ही पण खळच आहे. साखरेची." त्यांनी बाटलीकडे बराच वेळ पाहिलं.

प्रकल्प जमा केला, तोंडी परीक्षा झाली. शेवटच्या बॅचचे उरलेले कण मी पाण्यातच, घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवून दिले. पुढच्या वर्षीच्या मुलीला ते लागणार होते. ती पहिल्या दिवशी बाटली घेऊन ओव्हनकडे निघाली होती, उतारा काढायला. मी तिच्या हातातून बाटली घेतली, मार्करनं लेबलवर तारखेखाली "वाळवू नये" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि तिला घेऊन पाणी उकळायला ठेवायला गेले.